कोकण किनाऱ्याचे जुने सागरी नकाशे : संग्रह आणि वाचन

जमिनीचा नकाशा आणि सागरी नकाशा यांतला पहिला फरक असा, की सागरी नकाशात जमीन जवळजवळ कोरी असते. किनाऱ्याची रेषा, खाडीचे तोंड, लांबून ओळखू येणारा एखादा डोंगर, देऊळ किंवा किल्ला, एवढेच. बाकी सारा तपशील पाण्यात. विखुरलेले आकडे म्हणजे वावांत मोजलेली खोली (एक वाव म्हणजे सहा फूट), बारीक फुल्या म्हणजे खडक, आकड्यांशेजारची अक्षरे म्हणजे तळाशी चिखल आहे की वाळू. शिडाच्या जहाजावरचा खलाशी दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्यात सोडी. वजनाच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरलेली असे आणि तळाची माती तिला चिकटून वर येई. नकाशावरचे आकडे असे हाताने मोजलेले आहेत. म्हणून जुना सागरी नकाशा समोर आला की आधी विचारावे : मोजणारा कोण होता, आणि त्याला तिथे कशासाठी जायचे होते?

कोकण किनाऱ्याबाबत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते. मोजणारा समुद्राकडून आलेला परका होता आणि त्याला बंदरात शिरायचे होते.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करू. दिवच्या बचावासाठी निघालेल्या आरमाराबरोबर जुवांव द कास्त्रू हा अधिकारी नोव्हेंबर १५३८ मध्ये गोव्याहून निघाला आणि मार्च १५३९ पर्यंतच्या प्रवासाची तपशीलवार मार्गपोथी त्याने लिहिली. दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांची चित्रेही तिच्यात आहेत. नकाशा आणि देखावा यांच्या मधला हा प्रकार आहे. वरून पाहिलेली खाडी आणि समोरून दिसणारे डोंगर एकाच कागदावर येतात. कास्त्रू जिज्ञासू माणूस होता. होकायंत्राची सुई काही ठिकाणी भलतीकडे वळते हे त्याच्या लक्षात आले आणि त्याचे कारण त्याने जवळच्या खडकांत शोधले. आपला काळा कातळ लोहयुक्त आहे, त्यामुळे त्याचा तर्क योग्य दिशेने होता. ही पोथी छापली गेली १८४३ मध्ये, म्हणजे तीन शतकांनी. हस्तलिखित नकाशे असे दीर्घकाळ बंद राहत, कारण बंदराची खोली हे लष्करी गुपित होते.

त्या गुपिताची किंमत मराठी वाचकाला विजयदुर्गावर कळते. तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला अजिंक्य आहे अशी समजूत मुंबईच्या इंग्रजांत रूढ होती. कमोडोर विल्यम जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला होता. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला विजयदुर्गाच्या पाहणीसाठी धाडण्यात आले. त्याने आणलेली बातमी दोन वाक्यांत मावेल : किल्ला वाटतो तितका भक्कम नाही, आणि मोठी जहाजे तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यापर्यंत नेता येतील एवढे पाणी तिथे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजे खाडीत शिरली, तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. पेशवे आणि इंग्रज यांची त्या वेळची युती हा आपल्या इतिहासलेखनात पुष्कळ चर्चिलेला विषय आहे आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण त्या चर्चेत शिशाचे वजन बांधलेली दोरी क्वचितच येते. माझ्या मते हा मोठा दोष आहे.

यानंतर मोजणी पद्धतशीर झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ मध्ये अलेक्झांडर डॅलरिंपलला नकाशांच्या कामावर नेमले. बॉम्बे मरीनचा लेफ्टनंट जॉन मॅक्लूर याने १७८७ पासून पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली आणि ते नकाशे डॅलरिंपलने लंडनला छापले. पुढे १७९५ मध्ये ब्रिटिश आरमाराने स्वतःचे नकाशा खाते उघडले, त्याचा पहिला प्रमुखही तोच.

या छापील नकाशांवरची नावे वाचताना विद्यार्थी अडखळतात, कारण आपली गावे तिथे ओळखू येत नाहीत. विजयदुर्ग तिथे ‘घेरिया’ आहे, सुवर्णदुर्ग ‘सेव्हर्नड्रूग’, जयगड ‘झायघर’, खांदेरी-उंदेरी ही ‘केनरी’ आणि ‘हेनरी’. सिंधुदुर्ग १७६५ मध्ये काही काळ इंग्रजांकडे गेला तेव्हा त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव मिळाले. या नावांवरून नकाशाचा काळही लागतो. एक नाव मात्र उलट दिशेने गेले. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात प्रवाळांचा एक बुडीत उंचवटा आहे. त्याला नकाशांवर ‘आंग्रिया बँक’ म्हणतात, आजही. ज्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत, त्यांच्या घराण्याचे नाव त्यांच्याच नकाशांनी टिकवले.

मग आपल्या नाविकांचे नकाशे कुठे आहेत? हिंदी महासागरातल्या नाविकांना नकाशा माहीत नव्हता असे नाही. पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो, की मालिंदीला वास्को द गामाला भेटलेल्या गुजराती वाटाड्याने त्याला भारताच्या साऱ्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला होता. १८३५ मध्ये एका कच्छी वाटाड्याकडून अलेक्झांडर बर्न्सला मिळालेला तांबड्या समुद्राचा आणि एडनच्या आखाताचा नकाशा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. मुंबईचे भूगोलतज्ज्ञ प्रा. बी. अरुणाचलम यांनी अशा पोथ्यांचा आणि नकाशांचा बारकाईने अभ्यास केला. तरी उरलेले नमुने फार थोडे. तांडेलाचे ज्ञान बहुतांशी तोंडी होते, आणि जो कागद होता तो गलबतावर, खाऱ्या हवेत. तुलनेसाठी जयपूर पाहा. तिथल्या राजघराण्याच्या कपडद्वारा भांडारातले किल्ल्यांचे, शहरांचे, बागांचे नकाशे टिकले आणि १९९० मध्ये बहुरा व चंद्रमणी सिंह यांनी त्यांची सूचीही छापली. कोरडी हवा, बंद कोठी आणि कारकुनांची पिढीजात व्यवस्था यांचा तो परिणाम. गलबतावर यातले काहीच नव्हते.

युरोपीय जहाजांवरच्या नकाशांचेही असेच झाले. नवी आवृत्ती आली की जुना नकाशा धोकादायक ठरे, म्हणून तो टाकून देत. आज बाजारात येतात ते मुख्यतः ग्रंथांतून सुटे केलेले नकाशे, जसे फ्रेंच नकाशाकार बेलँ याच्या १७६४ च्या पाच खंडी छोट्या सागरी अ‍ॅटलासातले. ते समुद्रावर कधी गेलेच नव्हते, म्हणून स्वच्छ आहेत. समुद्रावर वापरलेल्या नकाशावर शिसपेन्सिलीच्या मार्गरेषा, परकराची भोके, पाण्याचे डाग असतात. विक्रेते त्याला खराब प्रत म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने तीच आधी उचलावी.

खरेदीपूर्वी भिंगातून पाहावे. ताम्रपटावरून छापलेल्या नकाशाच्या कडेने पत्र्याच्या दाबाची चौकट उमटते. ठिपक्यांनी बनलेली रेषा दिसली तर ती आधुनिक छपाई. रंग बहुधा मागाहून भरलेला असतो, त्याला भुलू नये. कायद्याचेही भान हवे : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मूल्य असलेला, ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावस्तू ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. विद्यार्थ्याने मात्र पैसे खर्च करण्याची घाई करू नये. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे असंख्य नकाशे आंतरजालावर मोफत ठेवले आहेत. त्यातला आपल्या ओळखीच्या खाडीचा एखादा नकाशा उघडावा, आजच्या नकाशाशेजारी ठेवावा, आणि गाळाने बंदराचे तोंड किती भरले ते आकडा आकड्याशी ताडून पाहावे.