जुन्नरचा पाहुणा

जुन्नर तालुक्यात आलेला पाहुणा आधी शिवनेरीवर जातो. ते योग्यच, १६३० साली शिवाजी महाराज तिथेच जन्मले. पण त्याला नाणेघाटही दाखवा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणातल्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर येई. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, असे जुने लोक सांगतात. जवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, हत्ती, नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनी कोरली आहे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणे! गुरुजी, मुलांना हे आकडे अवश्य दाखवा. मात्र कुणी भिंतीवर आपले नाव कोरू लागला, तर त्याला तिथेच अडवा. लेखातली कित्येक अक्षरे आधीच झिजली आहेत. उरलेली आपल्याच हाती आहेत.