तड्याची साक्ष

धातूतला बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे रेल्वेच्या कारागिरांना फार पूर्वीच उमगले होते. ते एक्सलसारखा भाग रॉकेल मिसळलेल्या जड तेलात बुडवून ठेवत, पुसून कोरडा करत आणि त्यावर खडूचा पातळ थर देत. तड्यात मुरलेले तेल हळूहळू बाहेर झिरपे आणि पांढऱ्या थरावर डाग उमटे. युक्ती साधी, पण अगदी बारीक तडे तिला चकवत.

पुढे चुंबकीय तपासणी आली आणि पोलादाचे काम भागले. विमानांचे ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला दाद देईना. तेव्हा अमेरिकेतील रॉबर्ट आणि जोसेफ स्वित्झर या बंधूंनी जुन्याच युक्तीला चमकणाऱ्या रंगाची जोड दिली. मॅग्नाफ्लक्स कंपनीने १९४२ मध्ये ती 'झायग्लो' नावाने बाजारात आणली. अंधाऱ्या खोलीत, अतिनील दिव्याखाली तडा हिरवट-पिवळा उजळू लागला.

पाण्याने धुता येणाऱ्या पेनेट्रंटमध्ये तेल पाण्यात मिसळवणारा घटक आधीच घातलेला असतो. फवारा मारला की वरचा द्रव निघून जातो. काम झटपट आणि स्वस्त. पण मेख इथेच आहे. धुणे जास्त झाले, तर उथळ तड्यातला द्रवही वाहून जातो. कमी झाले, तर सगळा भागच चमकतो. म्हणून विमानाच्या इंजिनातील नाजूक जोखमीच्या भागांसाठी बहुधा दुसरा प्रकार निवडतात. त्यात हा घटक नंतर, मोजक्या वेळापुरता लावतात.

तरीही शेवटी भिस्त माणसावरच. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानात शेपटीच्या इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची तबकडी फुटली. सू सिटी येथे उतरताना विमान कोसळले. २९६ पैकी ११२ जणांचे प्राण गेले. त्या तबकडीची पेनेट्रंट तपासणी ७६० उड्डाणांपूर्वी झाली होती. तेव्हाच तडा सुमारे अर्धा इंच लांब असावा, असे चौकशीत निघाले. तड्यात तपासणीच्या द्रवाचे अंशही सापडले. म्हणजे द्रव आत शिरला होता; तडा मात्र कुणाला दिसला नाही. तपासणीच्या व्यवस्थेत माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असा ठपका अहवालाने ठेवला.

आजही तपासनीस अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर लगेच कामाला लागत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबतो. कामाची घाई कितीही असली, तरी हे थांबणे चुकवून चालत नाही.

(संपादित नभोवाणी भाषण)