थोरली, धाकटी आणि कलम तेरा

आमच्या आजोबांनी उभा जन्म तासगावच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकुनी केली. वकीलपत्रं लिहायची, नकला काढायच्या, तारखेला पक्षकार हजर राहील असं बघायचं. कायदा आपल्याला कळत नाही, कायद्यापायी आलेली माणसं तेवढी कळतात, असं ते म्हणत. रिटायर झाल्यावर सोप्यात बसून ते गोष्टी सांगायचे. त्यातली फौजदाराची गोष्ट आम्हा पोरांना तोंडपाठ होती.

गोष्ट स्वातंत्र्याच्या आसपासची. आमच्या भावकीतल्या एका घरात थोरलीला मूल होईना, म्हणून धाकटी आणली. लग्न झालं रात्री, धाकटीच्या मामाच्या गावात. कृष्णेच्या खोऱ्यात तेव्हा हद्दी अशा गुंतलेल्या होत्या, की या शिवारात इंग्रजांचा अंमल आणि बांध ओलांडला की पटवर्धनांचं संस्थान. मामाचं गाव संस्थानातलं. मुंबई इलाख्याचा कायदा तिथं लागत नाही, असा कुणीतरी सल्ला दिला होता. तो फुकट दिलेला होता आणि चुकीचाही होता.

१९४६ साली मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी करणारा कायदा झाला. सरकार बाळासाहेब खेरांचं. सात वर्षांपर्यंत कैद. लग्न लावणाऱ्यालाही शिक्षा. नवरा प्रांताचा रहिवासी असला, तर लग्न हद्दीबाहेर लावूनही सुटका नाही. शिवाय बायकोनं फिर्याद दिली नाही तरी पोलिसांना आपणहून हात घालता येई. मामाच्या गावचा सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. बांधाच्या भांडणात हरलेल्या एका भाऊबंदाला मात्र बरोबर ठाऊक होतं. त्यानं निनावी अर्ज टाकला आणि एक दिवस फौजदार दारात येऊन उभा राहिला.

थोरली चुलीपुढं होती. फौजदारानं विचारलं, ही दुसरी बाई कोण?

“माझी मावसबहीण. बाळंतपणाला आलीया.”

“कुणाच्या?”

“तिच्याच की.”

“नवरा कुठं असतो हिचा?”

“म्हमईला. गिरणीत.”

फौजदारानं चहा घेतला आणि गेला. नवरा मागच्या गोठ्यात वैरणीत लपून बसला होता. आजोबा इथपर्यंत आले की त्यांना हसू आवरायचं नाही. आजी मात्र कधी हसली नाही. एकदा आतनंच म्हणाली, “हसताय काय? ती काय नवऱ्याच्या मायेनं खोटं बोलली? त्यो तुरुंगात गेला असता तर औत कुणी धरायचं?”

हाच युक्तिवाद मुंबई हायकोर्टाच्या एका निकालात आहे, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. नरसू अप्पा माळी यांचा खटला, १९५१. तो आमच्याच दक्षिण साताऱ्यातून वर गेलेला. म्हणजे आजचा सांगली जिल्हा. आजोबा त्याला ‘छागलासाहेबांचा निकाल’ म्हणत, आणि त्यांच्या कोर्टात त्याची खूप चर्चा झाली होती, असं सांगत. गुन्हा बायकोच्या फिर्यादीवर का सोडला नाही? तर हिंदू बाई पोटासाठी नवऱ्यावर अवलंबून असते, तिच्यावर दबाव येऊ शकतो, असं विधिमंडळाला वाटलं असणार, असं मुख्य न्यायमूर्तींनी म्हटलं. आजीनं तेच चुलीपुढून सांगितलं होतं.

हा निकाल कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पण तो कुठल्या मातीतून आला, हे मराठी माणसालाही फारसं माहीत नसतं. राज्यघटना लागू होऊन दीड वर्ष झालं होतं. दुसरं लग्न केलेल्या माणसाच्या बाजूनं कोर्टात सांगितलं गेलं, की मुसलमानाला चार बायका चालतात आणि मला दोन चालत नाहीत, हा धर्मावरून केलेला भेदभाव आहे. घटनेनं समानता दिली आहे, मग हा कायदा रद्द करा. दुसरा मुद्दा असा, की मुलाशिवाय हिंदूला गती नाही आणि मुलासाठी दुसरं लग्न हा धर्माचाच भाग आहे.

ऐकणारे दोघे न्यायमूर्ती होते. मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला खोजा मुसलमान घरातले आणि एके काळचे जिनांचे ज्युनिअर. दुसरे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याच्या शास्त्री घराण्यातले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. मुलाच्या मुद्द्याला छागलांनी दिलेलं उत्तर कुठल्याही शास्त्र्याला पेलावं असं आहे. ज्या धर्मानं पुत्राची गरज सांगितली, त्यानंच दत्तकही सांगितलाय. मग दुसऱ्या बायकोचा आग्रह कशाला? भेदभावाच्या मुद्द्यावर दोघांचं मत असं, की सुधारणा टप्प्याटप्प्यानं करायला राज्य मोकळं आहे. एका समाजापासून सुरुवात केली म्हणजे दुसऱ्याशी पक्षपात केला असं होत नाही. कायदा टिकला.

एवढ्यावर थांबले असते तर निकाल सरळ होता. पण उलट प्रश्नही समोर होता. मुसलमानांचा बहुपत्नीत्वाचा कायदाच घटनेनं रद्द झाला नाही का? कलम १३ म्हणतं, की घटनेच्या आधीपासून चालत आलेले जे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील ते तेवढ्यापुरते रद्द. इथं दोन्ही न्यायमूर्तींनी सांगितलं, की धर्मशास्त्रातून आणि शरियतीतून आलेले व्यक्तिगत कायदे या कलमातल्या ‘कायद्यां’त मोडतच नाहीत. त्यामुळे मूलभूत हक्कांच्या तराजूत ते घालता येणार नाहीत. ते बदलायचे तर विधिमंडळानं बदलावेत. समान नागरी कायद्याचं कलम ४४ त्यासाठीच तर आहे.

आज कुठल्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्याला आव्हान दिलं, की हीच भिंत पुढं येते. ही भिंत मुसलमानांनी मागून घेतली, अशी समजूत आहे. मला त्यात गंमत वाटते. ती उभी राहिली एका हिंदूच्या दुसऱ्या लग्नाच्या खटल्यात, आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या.

निकालाची तारीख २४ जुलै १९५१. दोनच महिन्यांनी, २७ सप्टेंबरला, डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं, हे त्यामागचं मोठं कारण. संसदेत त्या बिलाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, आधी मुसलमानांचं काय ते करा, मग आमच्याकडे या. माळी यांच्या बाजूनं कोर्टात जे मांडलं गेलं, तेच.

१९५५ साली हिंदू विवाह कायदा आला, देशभर एकपत्नीत्व झालं आणि मुंबईचा जुना कायदा रद्द झाला. आजोबांना हे पसंत नव्हतं. त्यांच्या मते जुन्या कायद्याला दात होते. आता दुसऱ्या लग्नाचा गुन्हा दंडविधानाच्या कलम ४९४ खाली आला आणि तिथं फिर्याद बायकोनं किंवा तिच्या माहेरच्यांनी द्यायची. फौजदाराला दारात यायचं कारणच उरलं नाही.

बायको फिर्याद द्यायला गेलीच, तर पुढं काय व्हायचं? १९६५ चा लोखंडे खटला हा महाराष्ट्रातलाच. पहिली बायको असताना नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, पण गांधर्व पद्धतीनं. पूजा झाली, हार घातले गेले, कपाळाला कपाळ लावलं. होम नव्हता, सप्तपदी नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आवश्यक विधी झाले नाहीत आणि असे विधी गाळण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून हे लग्न कायद्याच्या दृष्टीनं लागलंच नाही. लग्न लागलं नाही म्हणजे दुसरं लग्न नाही. नवरा सुटला.

आमच्या भागात पाट लावणं, मोहतूर लावणं हे भटजी आणि होमाशिवायच चालत आलेलं. विधवेचा, टाकलेल्या बाईचा संसार त्यावरच उभा राहायचा. गावानं ते लग्न मानलं होतं, पंगतीला बसवलं होतं. सुटायचं म्हटल्यावर नवऱ्याला अचानक सप्तपदी आठवली. आजोबा सांगत, त्या निकालानंतर वकिलाकडे येणारा पक्षकार आधी विचारायचा, “होम करू की नको?”

याच्या दुसऱ्या टोकाला यमुनाबाई आढाव. १९७४ साली त्यांचं लग्न रीतसर हिंदू पद्धतीनं झालं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती. पुढं पोटगीसाठी त्या कोर्टात गेल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८८ साली हरल्या. लग्नच अवैध, म्हणून त्या ‘पत्नी’ नाहीत, म्हणून पोटगी नाही. होम नव्हता तेव्हा पहिलीला न्याय नाही आणि होम होता तेव्हा दुसरीला पोटगी नाही. पहिलं लग्न लपवून दुसरीला फसवणाऱ्या नवऱ्याला या पळवाटेचा फायदा घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं. तोवर किती जणींना दारातून परत पाठवलं गेलं असेल, ते कोर्टांच्या कपाटांनाच ठाऊक.

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलाण्यांचं घर होतं. जत्रेला बकरी कापायचा मान त्यांचा. मुलाणीण चाची आजीची मैत्रीण. दोघी तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून सगळ्या गावाचे संसार निवडत. आजीनं एकदा विचारलेलं आठवतं, “तुमच्यात चार चालत्यात म्हणं. तुझ्यानं आणली न्हाई ती?” चाची म्हणाली, “एकीलाच भाकरी पुरंना, चार कुठनं पोसतोय? पण भांडाण झालं की आणीन म्हणतोय. त्यातच माझं निम्मं आविष्य गेलं.”

स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९७४ चा. त्यात १९६१ च्या जनगणनेच्या आधारानं एकाहून अधिक बायकांचं प्रमाण दिलंय. हिंदूंमध्ये ५.८ टक्के, मुसलमानांमध्ये ५.७. आदिवासींमध्ये सर्वांत जास्त, १५.२५. बंदी असलेला समाज आणि परवानगी असलेला समाज यांच्यात एक दशांश टक्क्याचा फरक! पण या आकड्यांत चाची बसत नाही. सवत कधी आली नाही, तरी ती येऊ शकते हे कायद्यानं नवऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि त्या धाकाची गणती कुठल्या जनगणनेत होत नाही. ‘आकडे सारखेच आहेत, मग कायदा कशाला बदलायचा’ म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंना हा धाक बरोबर दिसला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एक कायदा करा, ही मागणी. पुढं १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. दलवाई १९७७ साली गेले, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत. एका दमातला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं बाद केला तो २०१७ मध्ये, तीन विरुद्ध दोन. तिथंही १९५१ ची भिंत आडवी आली. न्यायमूर्ती नरिमन तिला वळसा घालून गेले. १९३७ च्या शरियत कायद्यानं तलाकला मान्यता दिली आहे, म्हणजे तो साधा विधिमंडळाचा कायदा झाला, मग कलम १३ लागतंच, असं त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी माळी खटल्यातल्या विचारसरणीचा फेरविचार व्हायला हवा, असं स्पष्ट लिहिलं. तरी भिंत अजून उभी आहे.

धाकटीचं पुढं काय झालं, ते आजोबांच्या गोष्टीत नव्हतं. ते आजीकडून कळलं. धाकटीला दोन मुलगे झाले. थोरलीनं ते आपले म्हणूनच वाढवले, पण धाकटीला दाण्याच्या कणगीला कधी हात लावू दिला नाही. नवरा वारल्यावर दोघी वेगळ्या झाल्या. थोरलीनं ओढ्याकडची दोन एकर धाकटीला कसायला दिली, तोंडी. “लिहून दे म्हटलं तर म्हणाली, लिहायला ती कोण लागती?” आजी सांगायची. फौजदारापुढं मावसबहीण आणि तलाठ्यापुढं कुणीच नाही.

पोरांच्या बाबतीत कायदा आईपेक्षा दयाळू निघाला. अवैध लग्नातली मुलं औरस धरायची, अशी तरतूद हिंदू विवाह कायद्यात आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीनं ती आणखी पक्की झाली. वडिलोपार्जित जमिनीतलं काय, यावर कोर्टात मतं फिरत राहिली. बापाच्या वाट्याला जे येईल त्यात या मुलांचाही हिस्सा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. तोवर धाकटीचे दोन्ही मुलगे पुण्यात कंपनीत लागून पेन्शनीत निघाले होते आणि ओढ्याकडच्या दोन एकरांवरून रस्ता गेला होता. त्याची भरपाई कुणाच्या नावावर निघावी, यावर नातवंडांचं कोर्ट चालू आहे.

उत्तराखंडानं २०२४ साली समान नागरी कायदा मंजूर केला आणि २०२५ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. बहुपत्नीत्वाला बंदी, सगळ्या धर्मांना. अनुसूचित जमाती मात्र त्यातून वगळल्या आहेत, म्हणजे १९७४ च्या अहवालात ज्यांचा आकडा सर्वांत मोठा होता, त्याच. आजोबा असते तर म्हणाले असते, छागलासाहेबांचे टप्पे अजून चालूच आहेत की. आणि आजीनं विचारलं असतं, त्या कायद्यात धाकटीच्या नावावर काय लिहिलंय.