अव्यक्ताचे रंग

दोन राशी अज्ञात आहेत आणि त्यांच्याविषयीं दोन विधानें ज्ञात आहेत. एवढ्यावरून त्या राशी शोधून काढणें हें शाळेंतील मुलांचें नित्याचें काम आहे. एकीला 'क्ष' व दुसरीला 'य' म्हणावें, हें त्यांना फारसें सांगावेंहि लागत नाहीं. परंतु या नामकरणांतच सारें मर्म आहे.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या कारकीर्दींत, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनीं 'गणितसारसंग्रह' रचिला. त्यांत बाजारांतला एक प्रश्न आहे. ९ महाळुंगें व ७ कवठें यांचें मोल १०७. ७ महाळुंगें व ९ कवठें यांचें १०१. तर एकेका फळाचें मोल किती? आचार्यांची रीत अशी: मोठें मोल मोठ्या संख्येनें व लहान मोल लहान संख्येनें गुणावें, आणि वजाबाकीला त्या दोन संख्यांच्या वर्गांतरानें भागावें. ९६३ उणे ७०७ म्हणजे २५६. त्यांस ३२ नीं भागतां महाळुंगाचें मोल ८ येतें, व त्यावरून कवठाचें ५. रीत सुबक खरी. पण संख्यांची अशी अदलाबदल असेल तेथेंच ती चालते.

सर्वत्र चालणारी रीत ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्येंच सांगितली होती. पुढें १२ व्या शतकांत भास्कराचार्यांनीं आपल्या 'बीजगणितां'त ती विशद केली. प्रत्येक अव्यक्ताला निराळा वर्ण द्यावयाचा: पहिलें 'यावत्तावत्', मग कालक, नीलक, पीतक. थोडक्यांत लिहितांना 'या', 'का', 'नी'.

भास्कराचार्यांचा एक प्रश्न घेऊं. पहिल्या गृहस्थाला दुसऱ्यानें १०० दिले तर पहिला दुसऱ्याच्या दुप्पट धनवान् होतो. उलट पहिल्यानें १० दिले तर दुसरा पहिल्याच्या सहापट होतो. पहिल्याचें धन 'या', दुसऱ्याचें 'का' मानूं. पहिल्या विधानावरून एक 'या' म्हणजे २ 'का' उणे ३००. दुसऱ्यावरून ६ 'या' म्हणजे एक 'का' अधिक ७०. पहिलें मोल सहापट करून दुसऱ्याशीं समान मांडलें कीं 'या' नाहींसा होतो आणि ११ 'का' बरोबर १८७० एवढेंच उरतें. 'का' १७०, 'या' ४०. ताळा पहावा: १४० ही ७० ची दुप्पट, १८० ही ३० ची सहापट.

येथें प्रश्नागणिक नवी युक्ति शोधावी लागत नाहीं. जें ठाऊक नाहीं त्याला नांव देऊन ज्ञाताप्रमाणेंच वागवावें, म्हणजे तें आपण होऊन उघड होतें. बुद्धिमंताची युक्ति त्याच्याबरोबर जाते. रीत मात्र शिष्याला देतां येते. इ. स. १२०७ मध्यें चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें तेथील शिलालेख सांगतो.