सँ-दनी बॅसिलिका
सँ-दनी बॅसिलिका : फ्रान्सच्या राजघराण्यांचे प्रमुख दफनस्थान आणि गॉथिक वास्तुशैलीचा आरंभ जिच्यात मानला जातो ती वास्तू. ती पॅरिसच्या मध्यभागापासून उत्तरेस सुमारे ९ किमी.वर, सँ-दनी याच नावाच्या उपनगरात आहे. बॅसिलिका ही रोमन कॅथलिक पंथात विशेष मानाच्या चर्चला मिळणारी पदवी असून, १९६६ पासून ही वास्तू सँ-दनी धर्मप्रांताचे कॅथीड्रल, म्हणजे जेथे बिशपचे आसन असते असे मुख्य चर्चही आहे. रूढ गणनेनुसार येथे ४२ राजे, ३२ राण्या, ६३ राजपुत्र-राजकन्या आणि राज्याचे १० मानकरी यांचे दफन झाले. मात्र त्यांची समाधिशिल्पे आणि त्यांच्या अस्थी आज बहुतांशी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

पॅरिसचा पहिला बिशप मानला गेलेला संत दनी याचा तिसऱ्या शतकात रोमन अंमलाखाली शिरच्छेद झाला. आपले शिर हाती घेऊन तो माँमार्त्र टेकडीवरून येथवर चालत आला, अशी दंतकथा असल्याने शिल्पांत तो शिर धरलेला दाखवतात. त्याच्या थडग्यावर पाचव्या शतकात चर्च बांधले गेले, आणि संताच्या सान्निध्यात पुरलेल्यास अंतिम न्यायाच्या वेळी त्याची मध्यस्थी लाभते या श्रद्धेमुळे वरिष्ठ कुळांतील लोक तेथे दफन होऊ लागले. सहाव्या शतकातील राणी आरेगोंद हिची शवपेटी १९५९ च्या उत्खननात सापडली व नाव कोरलेल्या अंगठीवरून तिची ओळख पटली. येथील मठाला उदार देणग्या देणारा राजा पहिला दागोबेर ६३९ मध्ये येथे दफन झाला, तर ७५४ मध्ये पोप दुसरा स्टीफन याने पेपँ या राजाला येथेच पवित्र तेलाचा अभिषेक केला. राज्याभिषेक पुढे रँस येथे होऊ लागले, तरी राजचिन्हे आणि युद्धप्रसंगी नेला जाणारा राजध्वज सँ-दनीच्याच मठात ठेवला जाई.

सध्याच्या वास्तूचा पाया मठाधिपती स्यूझे (कार्यकाल ११२२–११५१) याने घातला. त्याने बांधलेल्या पश्चिम दर्शनी भागाचे पवित्रीकरण ११४० मध्ये आणि पूर्वेकडील वेदीभागाचे ११४४ मध्ये झाले. टोकदार कमानी आणि छताचा भार खांबांवर उतरवणाऱ्या दगडी शिरा हे घटक अन्यत्र सुटेसुटे वापरात होते. येथे त्यांचा एकत्र वापर केल्यामुळे भिंतींवरील भार घटला, वेदीमागील प्रदक्षिणापथाभोवतीच्या लहान प्रार्थनागृहांमधल्या जाड भिंती टाळता आल्या आणि तेथे चित्रकाचेच्या मोठ्या खिडक्या बसवणे शक्य झाले. प्रकाश हे ईश्वराचे रूप आहे, अशी स्यूझेची धारणा होती आणि आपल्या लेखनात त्याने या बांधकामाचा हेतू तसा मांडला आहे. १२३१ ते १२८१ या काळात मध्यदालन व आडवे दालन नव्याने बांधले गेले. सुमारे १०८ मी. लांब आणि २९ मी. उंच असलेल्या या अंतर्भागात कमानींवरच्या अरुंद सज्जाची मागची भिंतही काचेची केलेली आहे.

दफनस्थान म्हणून या वास्तूला नियोजित रूप दिले ते नवव्या लुईने. १२६० च्या दशकात त्याने पूर्वीच्या राजा-राण्यांच्या १६ शयनमूर्ती, म्हणजे मृत व्यक्ती पहुडलेली दाखवणारी समाधिशिल्पे, घडवून घेतली आणि दक्षिणेस मेरोव्हिंजियन व कॅरोलिंजियन, तर उत्तरेस कापेत वंशातील राजे अशी त्यांची मांडणी केली. तीन घराण्यांची सत्ता अखंड व वैध आहे हे दाखवणे हा तिचा उद्देश होता. शतकांपूर्वी वारलेल्यांचे चेहरे कल्पनेनेच घडवलेले असल्याने त्यांत व्यक्तिसादृश्य नाही. पाचव्या शार्लने आपल्या हयातीतच आंद्रे बोनव्हू याच्याकडून करवून घेतलेल्या मूर्तीत मात्र ते स्पष्ट दिसते. सोळाव्या शतकातील बारावा लुई, पहिला फ्रांस्वा आणि दुसरा हेन्री यांची स्मारके मंडपासारखी दुमजली आहेत : खाली राजाराणीची विवस्त्र, मृत शरीरे आणि वर त्यांच्याच गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या मूर्ती. देहाचा नाश आणि आत्म्याची आशा यांची ही एकत्र मांडणी असून, दुसऱ्या हेन्रीच्या स्मारकावरील शिल्पकाम मुख्यतः जेर्माँ पिलाँ याचे आहे.

राजसत्तेचे प्रतीक असल्यामुळेच हे स्थळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या रोषाला बळी पडले. ऑगस्ट १७९३ मध्ये थडगी फोडण्यात आली, ऑक्टोबरमध्ये शवपेट्या उघडून त्यांतील शिसे काढून घेतले गेले आणि अवशेष चर्चच्या उत्तरेकडील खड्ड्यांत चुन्यासह टाकण्यात आले. अनेक शिल्पे वाचली ती आलेक्सांद्र लन्वार याने पॅरिसमधील आपल्या संग्रहालयात नेल्यामुळे. पुढे अठराव्या लुईने, २१ जानेवारी १८१५ रोजी, सोळावा लुई व मारी आंत्वानेत यांचे अवशेष पॅरिसच्या मादलेन दफनभूमीतून येथे आणवले. खड्ड्यांतील अस्थी ओळखणे अशक्य असल्याने त्या तळघरातील एका सामाईक अस्थिगृहात ठेवून बाहेर नावांच्या संगमरवरी पाट्या लावण्यात आल्या. १८२४ मध्ये स्वतः अठरावा लुई येथे दफन झाला; त्याच्यानंतर कोणताही राजा येथे पुरला गेला नाही.

लन्वारच्या संग्रहालयातून शिल्पे परत आली तेव्हा त्यांच्यासोबत इतर चर्चमधील समाधिशिल्पेही आली. पॅरिसच्या सँत-जनव्हिएव्ह चर्चमध्ये दफन झालेल्या पहिल्या क्लोव्हिसची मूर्ती आज येथे आहे, ती यामुळे. परिणामी येथील ७० हून अधिक समाधिशिल्पांचा संग्रह मध्ययुगीन व प्रबोधनकालीन शिल्पकलेच्या अभ्यासाला मोलाचा ठरतो, परंतु एखाद्या मूर्तीच्या स्थानावरून तेथे कोण पुरले होते हे ठरवता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात वीज व वादळाने दुबळा झालेला उत्तरेकडील मनोरा उतरवावा लागला, त्यामुळे दर्शनी भाग एकाच मनोऱ्याचा राहिला. त्यानंतर १८७९ पर्यंत जीर्णोद्धाराची धुरा व्हिऑले-ल-द्यूक याच्याकडे होती. १८६२ मध्ये वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि उतरवलेल्या मनोऱ्याच्या पुनर्बांधणीचे काम २०२५ मध्ये सुरू झाले. मध्यदालनात उपासना होते, तर समाधिशिल्पांचा भाग व तळघर शुल्क भरून पाहता येते.