प्रोसेसर अनुकरणासाठी छद्म-यादृच्छिक संख्या जनित्राची निवड

एका प्रोसेसरचे कार्य दुसऱ्या संगणकावर आज्ञावलीद्वारे हुबेहूब घडवून आणणाऱ्या प्रणालीस एम्युलेटर म्हणतात. मूळ आज्ञासंचात यादृच्छिक संख्या देणारी आज्ञा असल्यास एम्युलेटरमध्ये त्यासाठी छद्म-यादृच्छिक संख्या जनित्राची योजना करावी लागते.

जोसेफ वाइसबेकर यांनी १९७० च्या दशकात आरसीए कंपनीच्या कॉस्मॅक व्हीआयपी संगणकासाठी रचलेली चिप-८ ही भाषा याचे परिचित उदाहरण होय. तिच्यातील 'सीएक्सएनएन' ही आज्ञा ० ते २५५ मधील एक यादृच्छिक संख्या घेते, तिची 'एनएन' या स्थिरांकाशी बिटनिहाय 'अँड' क्रिया करते आणि उत्तर रजिस्टरमध्ये ठेवते. संख्येला २५५ ने भागून बाकी घेतल्यास २५५ ही संख्या कधीच मिळत नाही. भाजक २५६ हवा.

खरी अडचण मात्र या 'अँड' क्रियेतून उद्भवते. स्थिरांक १ असेल तर केवळ शेवटचा बिट उरतो. मापांक २ चा घात असलेल्या रेषीय एकरूपता जनित्रात, गुणक व वाढ दोन्ही विषम असल्यास, हा बिट ०, १, ०, १ असा आळीपाळीने बदलतो. नाणेफेकीसारखा खेळ मग पूर्णपणे भाकीत करण्याजोगा होतो. म्हणून अशा जनित्राचे वरचे बिट वापरतात.

जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ साली मांडलेले ३२-बिट झोरशिफ्ट जनित्र या कामास पुरेसे आहे. त्याचा आवर्तकाल सुमारे ४२९ कोटी असून स्थिती अवघ्या चार बाइटांची असते. बीज मात्र शून्य नसावे, अन्यथा ते शून्यच देत राहते. मर्सेन ट्विस्टरचा आवर्तकाल प्रचंड असला, तरी त्याची स्थिती ६२४ शब्दांची, म्हणजे सुमारे अडीच किलोबाइट असते. एका बाइटासाठी हा भार अनाठायी म्हणावा लागेल.

स्थितीच्या आकाराला महत्त्व येण्याचे कारण असे, की खेळ जतन करताना जनित्राची स्थितीही जतन करावी लागते. ती वगळल्यास पुन्हा सुरू केलेला खेळ वेगळ्या वाटेने जातो. दोन संगणकांवर एकत्र चालणारे खेळही परस्परांपासून फुटतात. सी भाषेच्या 'रँड' फलनाचे सूत्र प्रमाणात निश्चित केलेले नसल्याने येथे त्यावर विसंबता येत नाही.

इंटेलच्या 'आरडीरँड' आज्ञेचे अनुकरण करताना निकष उलटा होतो. ही आज्ञा गुप्तलेखनासाठीही वापरली जात असल्याने तिथे यजमान कार्यप्रणालीचा सुरक्षित स्रोत वापरावा लागतो. चाचणीसाठी ठराविक बीज देण्याची सोय क्यूईएमयूमध्ये 'सीड' या पर्यायाने केलेली आहे.