'मधुमेह' आणि 'शुगर' : शिर्डी परिसरातील शब्दव्यवहार

शिर्डीजवळ लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या उसाच्या मुलुखात बोलीने एक वाटणी केलेली आढळते : कारखान्यातून निघते ती साखर, रक्तात वाढते ती 'शुगर'. हा निव्वळ इंग्रजीचा सोस म्हणून सोडून देता येणार नाही. 'मेह' या पदाचा रोख मूत्राकडे आहे. चरकाने वीस प्रमेह मानले ते मुख्यतः मूत्राच्या लक्षणांवरून. परंतु रक्तशर्करा दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती सामान्यतः मूत्रात उतरत नाही. म्हणजे जुने नाव रोगाला उशिरा गाठते. 'शुगर' निदान रक्ताकडे तरी बोट दाखविते.

सुश्रुताने सहज व अपथ्यनिमित्त असे दोन प्रमेह सांगितले. १९३६ साली हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे व न देणारे असे रोग्यांचे दोन वर्ग केले. या विभागण्या एकच मानण्याचा मोह टाळावा. पहिलीचा निकष कारण हा आहे, दुसरीचा औषधाला मिळणारा प्रतिसाद. शिवाय दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन व्यर्थ, असेही नव्हे. स्वादुपिंडातील बीटा पेशींची शक्ती वर्षानुवर्षे खालावत जाते आणि गोळ्या अपुऱ्या पडल्या की सुई घ्यावी लागते. येथे बोलीतील 'इन्सुलिन लागले' हा प्रयोग घात करतो. भूक लागते, औषध लागते, तसे व्यसनही लागते; गरज आणि जडलेली सवय एकाच क्रियापदात नांदतात, आणि भ्यालेला रोगी दुसराच अर्थ उचलतो. वस्तुतः शस्त्रक्रियेच्या किंवा तीव्र जंतुसंसर्गाच्या काळात सुरू केलेले इन्सुलिन पुढे पुष्कळदा बंदही करता येते.